पी.टी.चा तास गणिताला दिला, तर

परीक्षा तोंडावर आली आणि पोर्शन राहिला, की पहिली कुऱ्हाड कोणत्या तासांवर पडते, हे शाळेत गेलेल्या कुणालाही सांगावं लागत नाही. पी.टी. आणि संगीत. मुलं बूट आवळून रांगेत उभी राहायच्या बेतात असतात, तेवढ्यात गणिताचे सर दारात येतात आणि म्हणतात, "वह्या काढा." आता गंमत बघा. ज्या दोन तासांचा असा बळी जातो, त्याच विषयांच्या खासगी क्लासच्या जाहिरातींवर हल्ली लिहिलेलं असतं: एकाग्रता वाढते, अभ्यासात प्रगती होते. म्हणजे शाळेत जे अभ्यासाच्या आड येतं, तेच शाळा सुटल्यावर पैसे भरून अभ्यासासाठी घ्यायचं. हा दावा आला कुठून आणि त्यात तथ्य किती, याची कथा तशी जुनी आहे.

व्यायाम आणि संगीत यांची जोडी लावली ती प्लेटोने, इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात. त्याच्या आदर्श राज्यातल्या रक्षकांच्या शिक्षणाचे हे दोन मुख्य खांब होते. त्याच्या संगीतात काव्य आणि कथाही येत, हे लक्षात ठेवायला हवं. व्यायाम शरीरासाठी आणि संगीत मनासाठी ही वाटणी मात्र त्याला मान्य नव्हती. दोन्ही मनासाठीच, असं त्याचं म्हणणं. नुसत्या व्यायामाने माणूस रांगडा होतो आणि नुसत्या संगीताने मऊ पडतो. हिशेब पक्का होईल, असं आश्वासन त्यात नव्हतं.

आपल्याकडेही नव्हतं. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी संस्थानातल्या शाळांमध्ये सूर्यनमस्कार सुरू केले, ते प्रजा निरोगी व्हावी म्हणून. स्वामी कुवलयानंदांनी 1924 मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम काढलं आणि योगक्रियांचा शरीरावर काय परिणाम होतो, हे क्ष-किरण आणि रक्तदाबाची उपकरणं लावून पाहिलं. त्या काळी ही मोठी धाडसाची गोष्ट होती, पण प्रश्न शरीराचा होता, प्रगतिपुस्तकाचा नव्हे. कुरुंदवाडचे विष्णू दिगंबर पलुस्कर यांनी 5 मे 1901 रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय उघडलं. गाणं म्हणजे सभ्य घरातल्या मुलांनी शिकण्याची गोष्ट नव्हे, असं मानणाऱ्या समाजात ते वर्गात, पुस्तकातून, परीक्षा घेऊन शिकवायचं हे त्यांचं काम. त्यांना गाण्याची प्रतिष्ठा वाढवायची होती. मुलांचे मार्क वाढवायचे असते तर त्यांनी वेगळा क्लास काढला असता.

"हे शिकल्याने ते सुधारतं" ही भाषा आली ती शाळेच्या वेळापत्रकात जागा मिळवण्याच्या झगड्यातून. अमेरिकेत बॉस्टनच्या सार्वजनिक शाळांनी 1838 मध्ये संगीत हा विषय घेतला. त्याआधी समितीने त्याला तीन कसोट्या लावल्या होत्या: बुद्धीला उपयोग आहे का, नीतीला आहे का, शरीराला आहे का. संगीत तिन्हींत उतरलं. तेव्हापासून संगीताच्या शिक्षकाला दर काही वर्षांनी हाच दाखला नव्याने काढावा लागतो. भूगोलाच्या शिक्षकाला कुणी विचारत नाही की नकाशे पाहिल्याने इंग्रजी सुधारतं का.

योगायोग असा, की पलुस्करांनी लाहोरला शाळा काढली त्याच 1901 साली न्यूयॉर्कमध्ये एडवर्ड थॉर्नडाइक आणि रॉबर्ट वुडवर्थ या मानसशास्त्रज्ञांनी या भाषेच्या मुळावरच घाव घातला. लॅटिन किंवा भूमिती शिकली की एकूण बुद्धीलाच धार येते, अशी तेव्हा पक्की समजूत होती. या दोघांनी माणसांना आयताचं क्षेत्रफळ नजरेने अजमावण्याचा सराव दिला आणि मग वेगळ्या आकारांवर पारखलं. सरावाचा फायदा पुढे फारसा सरकला नाही. दोन कामांत जेवढं साम्य, तेवढाच लाभ. आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीने पावकी, निमकी, दिडकी (पाव, अर्धा, दीड यांचे पाढे) तालात घोकली आणि ती जन्मभर विसरली नाही. पण त्या लयीने पावकीच पक्की झाली, व्याकरण नव्हे. शंभर वर्षांहून जास्त काळ संशोधक याच भिंतीवर डोकं आपटताहेत.

त्या भिंतीला 1993 मध्ये भगदाड पडल्यासारखं वाटलं. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्वाइन शाखेतल्या फ्रान्सिस राउशर, गॉर्डन शॉ आणि कॅथरीन की यांनी 'नेचर'मध्ये एक छोटंसं टिपण छापलं. 36 कॉलेजविद्यार्थ्यांनी 10 मिनिटं युरोपियन संगीतकार मोझार्टची दोन पियानोंसाठीची एक रचना ऐकली आणि मग घडी घातलेल्या, कापलेल्या कागदाचा आकार ओळखण्यासारखी कोडी सोडवली. शांत बसलेल्यांपेक्षा त्यांचे गुण बुद्ध्यांकाच्या मापात 8-9 ने जास्त आले. हा फरक साधारण 10-15 मिनिटंच टिकला. एवढंच. त्यात लहान मुलं नव्हती, संगीताचं शिक्षण नव्हतं आणि एकूण बुद्धिमत्तेचा दावाही नव्हता.

पुढे जे झालं त्याला संशोधन म्हणता येणार नाही. बाळाला मोझार्ट ऐकवला की ते हुशार होतं, अशी हवा झाली. जॉर्जिया राज्याचे गव्हर्नर झेल मिलर यांनी 1998 मध्ये प्रत्येक नवजात बाळाला शास्त्रीय संगीताची ध्वनिमुद्रिका देण्यासाठी 1,05,000 डॉलरची मागणी विधिमंडळापुढे ठेवली. त्याच वर्षी फ्लोरिडाने सरकारी पैशावर चालणाऱ्या पाळणाघरांत रोज असं संगीत लावण्याचा कायदा केला. कॉलेजच्या पोरांवर केलेला 10 मिनिटांचा प्रयोग पाच वर्षांत पाळण्यापर्यंत पोचला.

कॅनडातले मानसशास्त्रज्ञ ग्लेन शेलेनबर्ग यांनी ही हवा काढली, तीही फार साध्या युक्तीने. 1999 च्या प्रयोगात मोझार्टऐवजी काही जणांना एक रहस्यकथा ऐकवली. ज्यांना कथा आवडली त्यांची कामगिरी कथेनंतर चांगली झाली. म्हणजे श्रेय मोझार्टचं नव्हतं, माणूस खुशीत आणि जागा होता याचं होतं. कडक चहानेही बहुधा असंच काहीतरी झालं असतं.

पण ऐकणं वेगळं आणि शिकणं वेगळं. म्हणून शेलेनबर्ग यांनी टोरांटोतली 6 वर्षांची 144 मुलं घेतली आणि त्यांची सरमिसळ करून चार गट पाडले: कीबोर्ड, गाणं, नाटक आणि काहीच नाही. वर्षभराच्या शिकवणीचा निकाल 2004 मध्ये आला. बुद्ध्यांक सगळ्यांचाच वाढला, कारण मुलं पहिलीत जाऊ लागली होती. पण संगीताच्या गटांत सरासरी 7 गुणांनी वाढला आणि बाकीच्या दोघांत साधारण 4.3 ने. फरक पावणेतीन गुणांचा. जगभरच्या संगीत-क्लासच्या माहितीपत्रकांत हा निकाल पोचला. त्याच निबंधातली दुसरी गोष्ट मात्र तिथे सहसा सापडत नाही: नाटक शिकलेल्या मुलांचं इतरांशी वागणं सुधारलं, आणि ते संगीतवाल्यांचं सुधारलं नाही.

पुढची वर्षं या पावणेतीन गुणांच्या तपासणीत गेली. हार्वर्डमधल्या गटाने 2013 मध्ये 4 वर्षांच्या मुलांवर दोन प्रयोग केले, फायदा आढळला नाही. शिकवणी सहाच आठवड्यांची होती, हेही खरं. 2020 मध्ये जोवानी साला आणि फर्नांड गोबे यांनी 54 अभ्यासांतल्या 6,984 मुलांची आकडेवारी एकत्र केली. जिथे गट चिठ्ठ्या टाकून पाडले होते आणि तुलनेच्या मुलांनाही दुसरं काही शिकवलं होतं, तिथे संगीताचा फायदा जवळजवळ शून्यावर आला. दोनच वर्षांनी तीच आकडेवारी वेगळ्या रीतीने मांडून इतरांनी थोडा फायदा आहे असं दाखवलं. वाद मिटलेला नाही. एक अडचण तर सरळ आहे: ज्या घरातून मूल पेटीच्या क्लासला जातं, त्या घरात पुस्तकं, वेळ आणि पैसा बहुधा आधीच असतो. मार्क त्या घराचे की पेटीचे?

संगीताच्या बाजूने भक्कम पुरावा आहे तो कानाचा. लॉस एंजेलिसच्या गरीब, टोळ्यांच्या त्रासाच्या वस्त्यांत मुलांना मोफत वाद्यं शिकवण्याचा एक प्रकल्प आहे. मेंदूसंशोधक नीना क्राउस यांच्या गटाने त्या मुलांचा मेंदू बोलण्यातले जवळजवळचे आवाज किती स्पष्टपणे वेगळे करतो, हे मोजलं. 2014 चा निकाल सांगतो, की एका वर्षानंतर काही दिसलं नाही, दोन वर्षांनंतर दिसलं. आवाज नीट ओळखता येणं हा वाचनाचा पाया, त्यामुळे इथे थॉर्नडाइकची भिंतही आड येत नाही. पण वार्षिक गुणपत्रिकेला जून ते एप्रिल एवढाच धीर असतो.

व्यायामाची गोष्ट त्या मानाने नवी, आणि तिचाही एक मोझार्ट आहे. शिकागोजवळच्या नेपरव्हिल गावातल्या शाळेत पहिल्या तासाआधी मुलं छातीवर नाडीमापक बांधून पळत. 1999 च्या आंतरराष्ट्रीय चाचणीत तिथली मुलं विज्ञानात पहिली आणि गणितात सहावी आली. नेपरव्हिल हे सधन, शिकलेल्या लोकांचं उपनगर आहे, हे सांगताना बरेच जण विसरतात.

खरं काम तिथून फार लांब नसलेल्या इलिनॉय विद्यापीठात झालं. चार्ल्स हिलमन यांनी 2009 मध्ये नऊ-साडेनऊ वर्षांच्या 20 मुलांना ट्रेडमिलवर 20 मिनिटं झपझप चालवलं आणि दम ओसरल्यावर चाचणी घेतली. पडद्यावर पाच बाण, मधला कुठे वळलाय ते सांगायचं, बाजूचे चार उलटे असले तरी. बसून राहिलेल्या दिवसापेक्षा चाललेल्या दिवशी मुलांच्या चुका कमी झाल्या, वाचनाची समजही सुधारली. नको ते डोळ्यांआड करून हवं तेवढंच पाहणं, याला आपण एकाग्रता म्हणतो. मग 2014 मध्ये 7 ते 9 वर्षांच्या 221 मुलांवर नऊ महिन्यांचा प्रयोग झाला, शाळा सुटल्यावर रोज तासाभराहून जास्त पळापळीचे खेळ. मुलांचं अवधान सुधारलं आणि जी मुलं जास्त दिवस आली त्यांचं जास्त सुधारलं.

इथेही शंका आहेतच. मेंदूसंशोधक अॅडेल डायमंड यांचं म्हणणं असं, की नुसत्या धावण्याने मनावरचा ताबा फारसा वाढत नाही, ज्यात डोकं चालवावं लागतं अशा हालचालींनी वाढतो. लंगडी, खो-खो खेळलेल्या माणसाला हे पटेल, पण पटणं म्हणजे पुरावा नव्हे. स्पेनमधल्या ग्रॅनाडा विद्यापीठाच्या गटाने 2023 मध्ये 109 प्रयोगांची छाननी करून सांगितलं, की निरोगी माणसांत व्यायामाचा बुद्धीवरचा परिणाम दिसतो तेवढा मोठा नाही, छोट्या आणि एकतर्फी छापल्या गेलेल्या अभ्यासांमुळे तो फुगलेला आहे.

महाराष्ट्रात या सगळ्या वादाला वळसा घालणारी एक वाट आहे. दहावीच्या परीक्षेत खेळाडूंना आणि शास्त्रीय कलांच्या परीक्षा दिलेल्यांना सवलतीचे गुण मिळतात. तबल्याने गणित सुधारो न सुधारो, टक्का सुधारतो. त्या वर्षी परीक्षेचे अर्ज भरायला गाण्याच्या क्लासात गर्दी होते, ती उगाच नाही.

राहिले दारात उभे असलेले गणिताचे सर. पी.टी.चा तास गणिताला दिला तर गणित खरंच सुधारतं का, याचं उत्तर शोधायला मेंदूत डोकावण्याआधीच एक प्रयोग झाला होता. कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात त्र्वा-रिव्हिएर भागात 1970 ते 1977 या काळात प्राथमिक शाळेतली 546 मुलं निवडली. अर्ध्या वर्गांना रोज एक तास जादा शारीरिक शिक्षण दिलं, तेही प्रशिक्षित शिक्षकाकडून. हा वेळ काही आभाळातून पडला नाही, इतर विषयांचे तास 13-14 टक्क्यांनी कापून तो काढला. पहिलीत ही मुलं किंचित मागे होती. दुसरीपासून सहावीपर्यंत तीच मुलं, गणिताला कमी वेळ मिळूनही, इतरांच्या थोडी पुढे राहिली.