‘आरमारात होते’ म्हणजे नक्की कुठे?

मालवण-देवगडकडून घाट चढून कोल्हापुरात स्थिरावलेली बरीच घरं आहेत. त्यातल्या निम्म्या घरांत एक वाक्य हमखास ऐकायला मिळतं: “आमचे पणजोबा आरमारात होते.” आमच्याही घरात होतंच. मागच्या दिवाळीत आत्याने ट्रंक उघडली आणि लग्नपत्रिकांच्या गठ्ठ्याखालून तळहाताएवढं, कापडी पुठ्ठ्याचं एक पुस्तक काढलं. “बघ, महाराजांच्या आरमारातलं!”

आत पणजोबांचा फोटो, शेजारी डाव्या अंगठ्याचा ठसा. पुढच्या पानांवर रकाने: बोटीचं नाव, चढल्याची तारीख, उतरल्याची तारीख. शेवटच्या रकान्यात वर्तणुकीचा शिक्का, सगळीकडे ‘व्हेरी गुड’. पहिली तारीख १९२१ सालची.

गोंधळ इथेच होतो. ‘आरमार’ या एकाच शब्दात घरोघरी दोन वेगळ्या नोकऱ्या कोंबलेल्या असतात: मराठ्यांचं आरमार आणि इंग्रजी अमदानीतली बोटीवरची नोकरी. दोन्हीकडे खलाशी आणि त्यांचे म्होरके म्हणजे तांडेल, सारंग हेच शब्द, माणसंही त्याच किनाऱ्यावरची. कागद मात्र वेगळ्या लिपीत, वेगळ्या गावी.

म्हणून दफ्तरखान्याची पायरी चढण्याआधी पिढ्या मोजाव्यात. सिंधुदुर्ग आणि मालवण बंदर करवीर छत्रपतींकडे होतं ते १८१२ पर्यंत. त्या वर्षीच्या तहाने ते इंग्रजांना गेलं आणि कोल्हापूरचं आरमार संपलं. १८९० च्या सुमारास जन्मलेले पणजोबा त्यात असणं शक्य नाही. तिथवर पोचायला माझ्यासारख्याला सात पिढ्या मागे जावं लागतं, खापरपणजोबांच्याही बरंच पलीकडे.

तितकं मागे जायचंच असेल तर आधी गाव नक्की करा. मालवण आणि विजयदुर्ग आज एकाच जिल्ह्यात असले, तरी १७५६ मध्ये तुळाजी आंग्र्यांचा पाडाव झाल्यावर विजयदुर्गला पेशव्यांचं आरमार आलं. धुळप त्याचे सुभेदार. म्हणजे मालवणचा माणूस कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात शोधायचा आणि विजयदुर्गचा पुण्याला, पेशवे दफ्तरात. इंग्रजी कागद चाळताना आणखी एक ध्यानात ठेवावं. १७६५ मध्ये इंग्रजांनी सिंधुदुर्ग घेतला तेव्हा त्याचं नाव ‘फोर्ट ऑगस्टस’ ठेवलं होतं. वर्षभरात त्यांना तो परत करावा लागला. त्याच कागदांत आपल्या लोकांचा उल्लेख सर्रास ‘चाचे’ म्हणून येतो. वाईट वाटून घेऊ नये. शत्रूचा कारकून कौतुक कशाला लिहील?

मोडीतल्या तारखांत तर भलेभले फसतात. ‘सन इहिदे अशर मयातैन व अलफ’ म्हणजे एक, दहा, दोनशे आणि हजार मिळून १२११. हे शुहूर सन, मराठी दफ्तरातली अरबी आकड्यांची कालगणना. त्यात ५९९ मिळवले की १८१०. हे वर्ष मृगाला सुरू होतं, त्यामुळे जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंतच्या कागदाला ६०० मिळवायचे. शेजारच्या कागदावर फसली सन, म्हणजे महसुलाची कालगणना, असेल तर त्याच वर्षाचा आकडा १२२० दिसेल. शुहूर आणि फसलीत नऊ वर्षांचं अंतर आहे. ते विसरलात तर माणूस भलत्याच लढाईत जाऊन बसतो.

आणि साधा खलाशी? गलबताच्या हिशेबात बहुतेकदा तांडेलाचं नाव येतं आणि खाली खलाशी नुसते आकड्यात, अमुक असामी. पावसाळ्यात गलबतं किनाऱ्यावर ओढून ठेवली की हाच माणूस शेतावर राबायचा, नाहीतर खाडीत जाळं टाकायचा. त्याचं नाव कागदावर उमटण्याची शक्यता जास्त कधी, तर तो जखमी झाला किंवा पडला तेव्हा. लढाईत पडलेल्याच्या मुलाबाळांना पोटापाण्यासाठी मिळणाऱ्या नेमणुकीच्या रकमेला बालपरवेशी म्हणत. पगाराच्या यादीआधी मी तरी तीच मागवीन.

इंग्रजी अमदानीत नावाला तोटा नाही. तिथे खातं चुकतं. सरकारी नौदल वेगळं, व्यापारी बोटी वेगळ्या. सरकारी नौदलाची नावंही सारखी बदलली: बॉम्बे मरीन, १८३० पासून इंडियन नेव्ही, १८९२ पासून रॉयल इंडियन मरीन, १९३४ पासून रॉयल इंडियन नेव्ही. १९४६ च्या बंडातले खलाशी या शेवटच्या दलातले. अशा माणसाला सेवा क्रमांक असतो. घरात पदक असेल तर आधी त्याची कड बघा, तिथे काही कोरलेलं आहे का. नौसैनिकांची सेवापुस्तकं सांभाळणारा ब्यूरो ऑफ सेलर्स मुंबईत मानखुर्दला आहे.

रकान्यात दर दीड-दोन वर्षांनी बोट बदलत असेल आणि वर्तणुकीचे शिक्के असतील, तर तो व्यापारी बोटीवरचा माणूस. त्याची चौकशी मुंबईच्या शिपिंग मास्टरच्या कचेरीत करायची. इंग्रजी कागदात असा खलाशी ‘लस्कर’ म्हणून येतो. शब्द आपल्या ‘लष्कर’वरूनच गेलेला, पण अर्थ खलाशी. मात्र ‘गन लस्कर’ दिसला तर तो खरोखरच फौजेतला, तोफखान्याचा मजूर! महायुद्धांत समुद्रात बळी गेलेल्यांची नावं, नौदलाची आणि व्यापारी बोटींचीही, कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावर फुकट शोधता येतात. नावाचं स्पेलिंग चार तऱ्हांनी घालून बघा. जिल्हा ‘रत्नागिरी’च घाला, कारण सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ चा.

आत्याला हे सगळं सांगितलं. ती पुस्तक मिटत म्हणाली, “म्हणजे महाराजांच्या आरमारात नव्हतेच म्हण की.”

पणजोबा नव्हते. त्यांच्या खापरपणजोबांचं अजून बघायचंय. मोडी वाचणारे एक गृहस्थ येत्या सोमवारी दफ्तरात येतो म्हणालेत; पहिला रुमाल, म्हणजे कापडात बांधलेला कागदांचा गठ्ठा, बालपरवेशीचा मागणार आहे.