सोबतीने तंबाखू सोडणे

तंबाखू, मशेरी, गुटखा, मावा, खैनी यांसारखे तोंडात धरायचे पदार्थ सोडताना, ते आधी सोडलेल्या किंवा आपल्याबरोबरच सोडत असलेल्या माणसांची ठरवून घेतलेली मदत. कधी ती दोघांची जोडी असते, कधी आठ-दहा जणांचा गट, तर कधी व्हॉट्सॲपवर रोज सकाळी दिलेला शब्द. डॉक्टर आणि समुपदेशक या व्यवस्थेच्या बाहेर नसतात, पण रोजचा भार त्यांच्यावर नसतो.

२०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातील २४.४ टक्के प्रौढ धूरविरहित तंबाखू वापरत होते, तर बिडी-सिगारेट ओढणारे ३.८ टक्के होते. तरीही तंबाखू सोडण्याविषयीचा बहुतेक सल्ला आजही सिगारेट डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेला असतो. मुंबईतल्या गटांना त्यातला बराच भाग बाजूला ठेवावा लागतो.

एकट्याने का जड जाते

अनोळखी माणसाकडे पाणी मागायला संकोच वाटेल, पण ‘चुना आहे का?’ असे विचारायला कोणालाच वाटत नाही. माथाडींच्या टोळीत, टॅक्सीच्या स्टँडवर, वॉचमनच्या केबिनमध्ये, लोकलच्या ठरलेल्या डब्यात एक जण मळतो आणि चौघांचे हात पुढे येतात. अशा वेळी नाही म्हणणे म्हणजे तंबाखू नाकारण्याबरोबर चार माणसांचा सहवासही नाकारणे, आणि सोडणाऱ्याला खरी अडचण तिथे येते. माळकरी माणूस मटण आणि दारू सोडतो, पण तंबाखूची चंची अनेकदा तशीच राहते. तंबाखूला आपल्याकडे व्यसन म्हणून मोजायची पद्धतच उशिरा आली.

दुसरे कारण शरीराचे. चुन्यामुळे तोंडातला अल्कधर्मीपणा वाढतो आणि निकोटिन गालाच्या आतल्या अस्तरातून सहज रक्तात उतरते. सिगारेटच्या झुरक्याइतके ते झटकन मेंदूत पोहोचत नाही, पण बार, म्हणजे गालात धरलेली तंबाखूची चिमूट, तोंडात असेपर्यंत मिळत राहते आणि रक्तातली पातळी बराच वेळ टिकते. रक्तातले निम्मे निकोटिन साधारण दोन तासांत निघून जाते, म्हणून दिवसभर ठरावीक अंतराने पुन्हा हात पुडीकडे जातो. सिगारेटसाठी जागेवरून उठावे लागते. बार मात्र गाडी चालवताना, मशीनवर उभे असताना किंवा गर्दीत लटकताना कोणाच्याही नकळत लावता येतो. ‘ओढायची जागा टाळा’ हा सल्ला म्हणूनच इथे कुचकामी ठरतो.

गट कसा जमवतात

एकाच खात्यातले, एकाच चाळीतले किंवा एकाच गाडीने जाणारे सहा ते दहा जण पुरतात. दहाच्या वर माणसे गेली की गप्प बसणारे गप्पच राहतात. म्होरक्या असा हवा ज्याने सोडून किमान वर्ष झाले आहे, पण जो तंबाखू मळणाऱ्यांतच अजून उठतो-बसतो. कधीच न खाल्लेला उपदेशक गटाला फार दिवस चालत नाही. प्रत्येकाला एक जोडीदार दिला जातो. सख्खा भाऊ, नवरा-बायको किंवा साहेब यांना जोडीदार करू नये, कारण त्यांच्याशी खोटे बोलायची सवय आधीच झालेली असते.

तंबाखू सोडायची तारीख ठरते, तिच्या आधीचा आठवडा नोंदीचा. प्रत्येक बाराची वेळ, जागा, सोबत कोण होते आणि त्याआधी काय चालले होते, एवढेच लिहायचे. कमी करायचा प्रयत्न करायचा नाही. बहुतेकांना आपण दिवसाला सात-आठ बार लावतो असे वाटत असते, आणि वही दुप्पट आकडा दाखवते. त्यातला सर्वांत महत्त्वाचा आकडा म्हणजे उठल्यापासून पहिल्या बारापर्यंतची मिनिटे. ती तीसच्या आत असतील तर ओढ तीव्र आहे असे समजतात आणि औषधाचा विचार आधीच करतात.

याच आठवड्यात दातांच्या डॉक्टरकडे जाऊन यावे, ही पायरी हमखास राहून जाते. किडलेल्या दाताची कळ दाबायला तंबाखू किंवा मशेरी लावणारे पुष्कळ असतात. सोडल्यावर चौथ्या दिवशी दाढ ठणकू लागते आणि सगळे फसते.

तारीख गणपती, दहीहंडीचा सराव किंवा घरातले लग्न टाळून धरावी. त्रास दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वाधिक असतो, म्हणून तिसरा दिवस साप्ताहिक सुट्टीचा येईल असे पाहतात. मात्र ज्याला रिकामे बसले की तल्लफ येते, त्याने तो दिवस कामाचाच ठेवावा. आदल्या रात्री चंची, डबी, चुन्याची ट्यूब घराबाहेर काढायची. पाकिटाचा चोरकप्पा, स्कूटरची डिकी, उशीखालची जागा आणि कामावरचा लॉकर तपासायचा. रोज ज्यांच्याबरोबर मळली जाते त्यांना एकच वाक्य सांगायचे: ‘मी मागितली तरी देऊ नका.’

रोजचा शब्द आणि फोन

गटाचा कणा म्हणजे सकाळचा शब्द. पहिल्या बाराची जी जुनी वेळ होती, तिच्या आधी गटावर ‘आज नाही’ एवढे दोन शब्द टाकायचे. जन्मभराची शपथ कोणी घेत नाही, मागतही नाही. दहा वाजेपर्यंत एखाद्याचा शब्द आला नाही तर जोडीदाराने मेसेज न करता फोन करायचा. रात्रपाळीवाल्याची ‘सकाळ’ संध्याकाळी सातला असते, त्याची वेळ वेगळी लिहून ठेवावी लागते. हे न केल्याने सिक्युरिटीतली माणसे पहिल्याच आठवड्यात गटातून गळतात.

तल्लफेचा फोन पाच ते दहा मिनिटे चालवायचा, कारण तल्लफेची एक लाट साधारण तेवढ्यात ओसरते. भाषण द्यायचे नाही, प्रश्न विचारायचे. ‘कुठे आहेस? पुडी हातात आहे का? फाडली का?’ फाडली नसेल तर टपरीवाल्याला परत द्यायला लावायची, फाडली असेल तर गटारात. मग फोन चालू ठेवून चूळ भरायला सांगायचे आणि पुढच्या सिग्नलपर्यंत किंवा पुलाच्या दुसऱ्या टोकापर्यंत चालायला लावायचे. ‘कॅन्सर होईल’ हे वाक्य या फोनमध्ये निरुपयोगी आहे. ते त्याला पाकिटावरच्या चित्रावरून पाठ असते.

गालाला रिकामे वाटते म्हणून तिथे काहीतरी हवे असते. बडीशेप, ओवा, भाजलेली जवस, धणाडाळ, लवंग, वेलची चालते. सुपारी चालत नाही, आणि हीच सर्वांत मोठी गफलत. ‘तंबाखू सोडली, आता नुसती सुपारी’ किंवा ‘बिनतंबाखूचा पानमसाला’ म्हणणारा माणूस सुटलेला नसतो. सुपारी स्वतःच कर्करोगकारक ठरलेली आहे, आणि तोंड उघडेनासे करणारा सबम्यूकस फायब्रोसिस मुख्यतः सुपारीनेच होतो. फक्त आवळ्याची सुपारी घ्यायला हरकत नाही, पण पाकिटावरचे घटक वाचूनच.

चहाबद्दल एक गैरसमज आहे. सिगारेट सोडणाऱ्याला चहा-कॉफी कमी करायला सांगतात, कारण धुरामुळे कॅफिनचा निचरा वेगाने होत असतो आणि धूर थांबला की तेवढाच चहा जास्त चढतो. तंबाखू खाणाऱ्याला हे लागू नाही. त्याच्या बाबतीत चहा धोक्याचा असतो तो चहानंतर हात आपोआप खिशात जातो म्हणून. चहा पिऊन लगेच चूळ भरणे आणि जागा सोडणे एवढे पुरते.

शरीर काय करते

चिडचिड, झोपमोड, डोके जड होणे, भूक वाढणे हे दोन ते चार आठवडे चालते. तोंड येणेही या काळात होते आणि ते आपोआप बरे होते. लोक ज्याबद्दल बोलायला लाजतात ती तक्रार पोटाची. निकोटिन आतड्यांना चालना देते, त्यामुळे वर्षानुवर्षे सकाळी बार लावल्यावरच पोट साफ होत आलेले असते. वस्तीतल्या सार्वजनिक शौचालयाच्या रांगेत उभे राहण्याआधी तंबाखू लावणे हा अनेकांचा नेम. ती बंद झाली की तीन दिवस पोट अडते आणि माणूस म्हणतो, ‘औषध म्हणून एकच.’ गटाने हे पहिल्याच बैठकीत उघड बोलावे. तारखेच्या आदल्या रात्रीपासून एक-दोन चमचे इसबगोल भरलेल्या पेलाभर पाण्यातून घ्यावे, सकाळी कोमट पाणी प्यावे आणि जेवणात फळे-पालेभाज्या वाढवाव्यात. दोनेक आठवड्यांत आतडी जुळवून घेतात.

निकोटिनची च्युइंगम २ आणि ४ मिलिग्रॅममध्ये मिळते. २ ची गोळी (म्हणजे हीच च्युइंगम) चिठ्ठीशिवाय मिळते, ४ च्या गोळीसाठी डॉक्टरची चिठ्ठी लागते. पहिला बार उठल्यापासून अर्ध्या तासात लागत असेल तर ४ ची देतात. साध्या च्युइंगमसारखी सतत चघळली तर निकोटिन लाळेबरोबर पोटात जाते, उचक्या लागतात, मळमळते, आणि ‘गोळी सोसत नाही’ म्हणून ती फेकली जाते. हळू चावायचे, जीभ झिणझिणली की गाल आणि हिरडीच्या मध्ये ठेवून द्यायचे, चव गेली की पुन्हा दोन-चारदा चावायचे. असे अर्धा तास. जागा मात्र बदलत राहायची. बार लावणाऱ्याला हे ठेवणे शिकवावे लागत नाही, फक्त चावणे थांबवायला शिकवावे लागते. घेण्याच्या आधी पंधरा मिनिटे आणि गोळी तोंडात असेपर्यंत चहा, लिंबू सरबत, कोल्ड्रिंक नको, कारण आम्लामुळे निकोटिन शोषले जात नाही. पहिले सहा आठवडे दर एक-दोन तासांनी एक, पुढे अंतर वाढवत बाराव्या आठवड्याअखेर बंद. बहुतेक जण दिवसाला तीन-चारच घेतात आणि मग ती चालत नाही असे म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचनांत धूरविरहित तंबाखूसाठी समुपदेशनाबरोबर निकोटिन पर्यायी उपचार (जसे ही च्युइंगम) किंवा व्हॅरेनिक्लिन हे औषध सुचवले आहे. व्हॅरेनिक्लिन डॉक्टरच देतात. एकाच्या गोळ्या दुसऱ्याला वाटणे गटात कडक बंद असावे.

मशेरीचे गट

मशेरी लावणाऱ्या बायकांसाठी पुरुषांच्या गटाचा उपयोग होत नाही. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजून कुटलेली ही पूड दात घासायच्या निमित्ताने सुरू होते आणि मग दिवसातून चार-पाच वेळा बोट डबीत जाते. ती व्यसन मानलीच जात नाही. सासू, जाऊ, शेजारीण सगळ्या लावतात. बचत गट किंवा महिला मंडळाच्या आधीच भरणाऱ्या बैठकीत हा विषय घेतला तर जमतो, वेगळी बैठक बोलावली तर कोणी येत नाही. एका घरातल्या दोघींनी एकाच दिवशी सोडणे सर्वांत चांगले, कारण एकीने भाजायला घेतले की वासानेच दुसरीची तारीख मोडते. तवा वेगळा ठेवलेला असेल तर तोही घरातून काढावा. मोरीतल्या डबीच्या जागी ब्रश-पेस्ट ठेवायची, आणि दुपारी मशेरी जिथे लावली जाते त्या ओट्यावरच्या गप्पा तशाच ठेवायच्या, फक्त हातात बडीशेप.

गरोदरपणात हा प्रश्न तातडीचा होतो. मुंबईतल्या १,२१७ गरोदर स्त्रियांच्या २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्यांच्या बाळांचे वजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी भरले. गरोदर बाईला निकोटिनची गोळी गटाने सुचवू नये, तिला थेट डॉक्टरकडे न्यावे.

कुठे मोडते

घसरण्याच्या जागा ठरलेल्या असतात: दारूची बैठक, पगाराचा दिवस, घरातले भांडण, मयत. मुंबईकराची खास जागा म्हणजे गाव. शिमग्याला किंवा मे महिन्यात कोकणात, साताऱ्याकडे गेले की गट दूर राहतो आणि पारावर प्रत्येकाच्या हातात तंबाखू असते. जाणाऱ्याने एसटीत बसण्याआधी जोडीदाराशी रोजची फोनची वेळ ठरवावी आणि गावातल्या एका माणसाला आधीच सांगून ठेवावे.

एक बार लागला तर त्याच दिवशी सांगायचे, एवढाच नियम. गटाने वेळ, जागा आणि देणारा हात विचारावा. दोष देऊ नये. काही गट दिवस मोजतात आणि शंभराव्या दिवशी सत्कार करतात. त्याने हुरूप येतो, पण सत्कार झालेला माणूस घसरला की लपवतो, आणि तोच गटातून आधी गायब होतो. खात्री करून घ्यायला यंत्रही नसते: फुंकर मारून कार्बन मोनॉक्साइड मोजणारे यंत्र धूम्रपानच पकडते, आणि लघवीतले कोटिनिन (शरीरात निकोटिनपासून बनणारा पदार्थ) निकोटिनच्या गोळीनेही वाढते. माणसाच्या शब्दावरच चालावे लागते.

महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे. बंदीनंतर पानमसाला आणि तंबाखू अशा दोन वेगळ्या पुड्या एकत्र करून खाणे रुळले, आणि साधी तंबाखू तर बंदीत नाहीच. त्यामुळे ‘मिळणारच नाही’ या भरवशावर कोणी तारीख धरू नये.

गटाच्या हद्दीबाहेरचे

गटाने सोडणाऱ्यांचे प्रमाण नुसती पुस्तिका हाती दिलेल्यांपेक्षा जास्त असते, पण हा पुरावा मुख्यतः सिगारेटवाल्यांचा आहे. गट अडला तर १८००-११-२३५६ ही मोफत राष्ट्रीय क्विटलाइन, म्हणजे तंबाखू सोडायला मदत करणारी फोनसेवा, आहे. तंबाखूच्या पाकिटांवरही हाच क्रमांक छापलेला असतो. शहरातल्या दंत महाविद्यालयांत समुपदेशन मिळते.

पहिल्या बैठकीला आणि नंतर दर महिन्याला प्रत्येकाने आरशासमोर उजेडात तोंड पाहावे: ओठ उलटून, दोन्ही गाल ओढून, जीभ बाहेर काढून तिच्या दोन्ही कडा आणि खालची बाजू. बार ठेवायची जागा नीट पाहावी. पांढरा किंवा लाल चट्टा, गाठ, दोन आठवड्यांत न भरलेली जखम दिसली की गटाचे काम थांबते आणि दवाखान्याचे सुरू होते. पांढरे चट्टे तंबाखू सुटल्यावर अनेकदा मावळतात, पण ते मावळतील म्हणून वाट पाहू नये. स्वतःची तीन बोटे उभी धरून तोंडात जात नसतील तर तोंड उघडणे कमी झाले आहे. ते सुपारी सोडल्याने पूर्ववत होत नाही, पुढे वाढायचे मात्र बहुधा थांबते. उघडण्याचे व्यायाम दंतवैद्याकडूनच शिकून घ्यावेत.