फाटी फोडण्याचे यंत्र: हायड्रॉलिकचे टन आणि फ्लायव्हीलचे टन

मे महिना सरत आला की गोव्यातल्या गावांत पुरुमेताच्या, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीच्या, खरेदीबरोबर फाट्यांचीही, म्हणजे जळाऊ लाकडांचीही, तजवीज सुरू होते. गॅस घरोघरी पोचला असला, तरी न्हाणीतले पाण्याचे भाण तापवायला, परसातल्या चुलीवर भात उकडायला आणि काजूच्या मोसमात फेणीची भट्टी चालवायला अजूनही लाकूडच लागते. मात्र कुऱ्हाड चालवणारा गडी आता सहजी मिळत नाही, आणि मिळाला तरी मृगाआधीच्या त्या पंधरवड्यात त्याला सगळ्यांचेच बोलावणे असते. त्यामुळे अनेक घरांत फोडणी यंत्राचा विचार होऊ लागला आहे, आणि तिथेच पहिला घोटाळा होतो. बाजारात ‘लॉग स्प्लिटर’ या एकाच नावाने मुळातच वेगळ्या जातीची दोन यंत्रे मिळतात. एक हायड्रॉलिक, दुसरे फ्लायव्हीलचे. या दुसऱ्याला कायनेटिक असेही म्हणतात.

वरवर पाहिले तर दोन्ही सारखीच दिसतात. आडवी पोलादी तुळई, एका टोकाला पाचर, दुसऱ्या टोकाला ओंडका ढकलणारी जाड पाटी, खाली दोन चाके आणि बाजूला मोटर किंवा पेट्रोल इंजिन. ओळखण्याची सोपी खूण म्हणजे तेलाची टाकी आणि जाड रबरी नळ्या. त्या असतील तर यंत्र हायड्रॉलिक आहे. त्या नसतील आणि जाळीच्या आवरणाआड एक किंवा दोन वजनदार चाके फिरत असतील, तर ते फ्लायव्हीलचे. दोन्ही यंत्रांवर ‘अमुक टन’ असा आकडा लिहिलेला असतो आणि गिऱ्हाईक तो शेजारी शेजारी ठेवून तुलना करतो. माझ्या मते सारी फसगत याच तुलनेत आहे, कारण हे दोन टन एका जातीचे नाहीत.

हायड्रॉलिक यंत्रातला टन हा सरळ हिशेबाचा आहे. पंप तेल दाबतो, ते तेल सिलिंडरमधल्या दट्ट्यावर दाब देते, आणि दाबाला दट्ट्याच्या क्षेत्रफळाने गुणले की बळ मिळते. दट्ट्याचा व्यास 63 मिलिमीटर असेल तर क्षेत्रफळ सुमारे 31 चौरस सेंटिमीटर येते. 200 बार दाबाला दर चौरस सेंटिमीटरवर सुमारे 204 किलोचा भार पडतो, म्हणजे एकूण बळ साधारण सव्वासहा टन. व्यास 100 मिलिमीटर असेल तर तेवढ्याच दाबाला ते 16 टनांवर जाते. हे गणित कोणालाही दुकानात उभ्याउभ्या करता येते आणि ते करावेच. 63 मिलिमीटरच्या सिलिंडरवर ‘10 टन’ लिहिलेले दिसले, तर तेवढ्या बळासाठी 300 बारच्या वर दाब लागेल, आणि घरगुती यंत्राच्या पंपाकडून व नळ्यांकडून तशी अपेक्षा ठेवू नये. मुख्य मुद्दा असा की हे बळ दट्ट्याच्या पूर्ण धावेत, पहिल्या सेंटिमीटरपासून शेवटच्यापर्यंत, हवे तितका वेळ मिळत राहते.

फ्लायव्हीलच्या यंत्रात असे सततचे बळ नसतेच. तिथे मोटर जड चाकांना गती देते, त्या गतीत ऊर्जा साठते, आणि दांडा ओढताच दातेरी पट्टी चाकांच्या दंतचक्रात अडकून ती ऊर्जा एका झटक्यात ओंडक्यावर उतरते. हा प्रकार घणाच्या घावासारखा आहे. समजा चाकांत 600 ज्यूल ऊर्जा साठली आहे. लाकडाने पाटीला अर्ध्या सेंटिमीटरात थांबवले, तर सरासरी बळ सुमारे 12 टन भरेल. तीच पाटी दोन सेंटिमीटर आत जाऊन थांबली, तर 3 टन. यंत्र तेच, ऊर्जा तीच, पण लाकूड कसे वागते त्यावर ‘टन’ बदलतो. म्हणून या यंत्रावरचा आकडा केवळ तुलनेसाठी दिलेला समजावा, आणि विक्रेता ‘हे 16 टनांचे, तेही 16 टनांचे’ म्हणू लागला तर दुसऱ्या 16चा अर्थ त्यालाच विचारावा.

वेगाच्या बाबतीत मात्र फ्लायव्हील निर्विवाद पुढे आहे. त्याची एक फेरी दोन-तीन सेकंदांत पुरी होते. दीड किलोवॅट मोटरच्या हायड्रॉलिक यंत्रात पूर्ण दाबावर पाटी सेकंदाला सुमारे दोन सेंटिमीटर सरकते, त्यामुळे चिवट ओंडका शेवटपर्यंत ढकलायला वीस सेकंद सहज जातात. मोठ्या यंत्रांत दोन टप्प्यांचा पंप असतो. लाकूड लागेपर्यंत तो पुष्कळ तेल कमी दाबाने सोडतो आणि अडथळा आला की थोडे तेल जास्त दाबाने, त्यामुळे वेळ वाचतो. पण मूळ स्वभाव संथच.

आता आपल्याकडच्या लाकडाकडे यावे, कारण निवड खरी तिथेच ठरते. या यंत्रांच्या जाहिरातींत दिसणारे ओंडके थंड प्रदेशातले असतात: सरळसोट, गोल, मधोमध फाकणारे. आपल्या परसात येतो तो काजू, आंबा, फणस, चिंच आणि रस्त्याकडेला किंवा डोंगरउतारावर लावलेली आकेशिया. यांतला आंबा आणि चिंच आतून पीळ घेतलेले. काजू तर जमिनीपासून दोन हातांवरच फांद्या फोडतो, त्यामुळे बुंध्यात गाठीला गाठ लागलेली. शिवाय यांतले बरेचसे लाकूड आपण ठरवून तोडलेले नसते, वाऱ्याने पडलेले असते. 16 मे 2021 रोजी तौक्ते चक्रीवादळ किनाऱ्याजवळून गेले, तेव्हा किती परसांत असे आडवेतिडवे ढीग पडले होते ते आठवावे. (उभे झाड पाडायचे असेल तर 1984च्या वृक्षसंरक्षण कायद्याखाली आधी परवानगी घ्यावी लागते, यंत्र घरात आले म्हणून ते बदलत नाही.)

काजूचा एक गाठाळ ओंडका दोन्ही यंत्रांवर घालून पाहिला की फरक कानांनाच कळतो. फ्लायव्हीलवर धाडकन आवाज होतो, पाचर चार बोटे आत रुतते आणि चाके मंदावतात. दांडा सोडून चाकांचा घुमारा पुन्हा चढेपर्यंत थांबावे लागते आणि मग दुसरा घाव, कधी तिसरा. हायड्रॉलिकवर पाचर गाठीला टेकताच पंपाचा आवाज जड होतो, पाटी थांबल्यासारखी वाटते, मग सालीखालून बारीक करकर सुरू होते, भेग केसाएवढी दिसते आणि गाठ उकलण्याऐवजी चक्क कापली जाते. तंतूंनी धरून ठेवलेले दोन भाग हाताने ओढून वेगळे करावे लागतात, पण काम पहिल्याच फेरीत झालेले असते.

म्हणून घरगुती सरपणासाठी, वर्षाकाठी दोन-तीन झाडांचे लाकूड आणि त्यातही गाठाळच जास्त असेल, तर माझे मत निःसंकोच हायड्रॉलिकच्या बाजूने आहे. आपल्याला रोज शंभर ओंडके फोडायचे नसतात, जे आहेत ते पाठ न मोडता फोडायचे असतात. याउलट एखाद्या पोदेराची, म्हणजे पाववाल्याची, भट्टी असेल, त्याला रोज पहाटे एकाच मापाची, सुकलेली, सरळ लाकडे लागत असतील आणि ती सुरूची किंवा निलगिरीच्या सरळ खोडांची असतील, तर फ्लायव्हील त्याचा अर्धा दिवस वाचवील. माडाच्या खोडासाठी मात्र दोन्हींवर पैसे घालू नयेत. माड एकदल, त्याच्या खोडात इतर झाडांसारखी मधून बाहेर जाणारी फाकण्याची रेषाच नसते, त्यामुळे पाचर त्याला फोडत नाही, नुसती चेंगरते. त्याला करवतच बरी.

घरासाठी दीड किलोवॅटचे, पाच ते सात टनांचे विजेवरचे यंत्र बहुधा पुरते. वीतभर व्यासाचे, हातभर लांबीचे ओंडके ते घेते आणि चुलीत त्याहून लांब लाकूड जातही नाही. पण गावातल्या संध्याकाळच्या कमी व्होल्टेजवर आणि बारीक तारेच्या लांबलचक एक्स्टेन्शनवर मोटर उठत नाही, नुसती गुणगुणते आणि तापते. तेव्हा 16 अँपिअरचा सॉकेट, 2.5 चौरस मिलिमीटरची तार आणि शक्यतो सकाळची वेळ. परस घरापासून लांब असेल तरच इंजिनाकडे वळावे.

देखभालीत फ्लायव्हील सुटसुटीत, हे मान्य करायला हवे. तिथे तेल नाही, नळी नाही. दातेरी पट्टीचे आणि दंतचक्राचे दात झिजतात तेवढे पाहायचे. हायड्रॉलिकला आपली दमट हवा बाधते. टाकीच्या श्वासनळीतून ओल आत गेली की तेल दुधाळ दिसू लागते आणि ते बदलावेच लागते. भरताना आपल्या उष्म्याला 46 क्रमांकाचे दाट तेल 32 क्रमांकाच्या पातळ तेलापेक्षा बरे, अर्थात उत्पादकाने सांगितले असेल ते आधी. किनाऱ्याजवळच्या घरांत दट्ट्याचा चकचकीत दांडा बाहेर राहिला तर खाऱ्या हवेने त्यावर बारीक गंज धरतो, तो गंज सील कापतो आणि मग तेल झिरपू लागते. नळीतून गळती दिसली तर ती जागा बोटाने चाचपू नये. त्या दाबाखालची तेलाची सुईसारखी धार कातडीखाली शिरते आणि ती शस्त्रक्रियेची वेळ असते.

सुरक्षिततेतही फरक आहे. विजेवरच्या घरगुती हायड्रॉलिक यंत्रांना बहुधा दोन्ही हातांनी धरायचे दोन दांडे असतात, आणि एक सोडला तरी पाटी थांबते. फ्लायव्हीलची पाटी सुटली की हात मागे घ्यायलाही वेळ मिळत नाही. तिसरे एक यंत्र आपल्याकडे स्वस्तात मिळते, फिरत्या शंकूच्या स्क्रूचे. तो लुंगीचे टोक किंवा हातमोजाही तितक्याच तत्परतेने आत ओढतो, म्हणून घरासाठी मी ते विचारातही घेत नाही.

खरेदीला जाताना परसातला सर्वांत वाकडा ओंडका टेंपोत घालून न्यावा आणि तोच यंत्रावर चढवायला सांगावे. दुकानदाराने मांडून ठेवलेला सुकलेला सरळ तुकडा कुठलेही यंत्र फोडते.