आधी इमारती, मग हद्द : पुण्याच्या समाविष्ट गावांची पार्श्वभूमी

जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात गुलियन बारी सिंड्रोमचे रुग्ण एकामागून एक सापडू लागले. हातापायांतली ताकद जाणारा हा आजार. काहींना थेट व्हेंटिलेटरवर ठेवावे लागले. रुग्णसंख्या पुढे दोनशेवर गेली. पाण्याचा संशय आला आणि चौकशी नांदेड गावातल्या एका मोठ्या विहिरीपाशी पोहोचली. आसपासच्या गावांना तिथून पाणी जात होते. त्यात क्लोरीन मिसळले जात होते, पण ते शुद्धीकरण केंद्रातून जात नव्हते. सगळ्या पुण्याची तहान भागवणारे खडकवासला धरण तिथून जवळच आहे. नांदेड, किरकटवाडी आणि खडकवासला ही गावे तेव्हा महापालिकेत येऊन साडेतीन वर्षे झाली होती.

महापालिकेत येऊनही शुद्ध पाणी का आले नाही, याचे उत्तर त्या विहिरीपेक्षा पुण्याच्या हद्दवाढीच्या इतिहासात शोधावे लागते.

पुणे महापालिका १५ फेब्रुवारी १९५० रोजी अस्तित्वात आली. जुनी शहर नगरपालिका, उपनगर नगरपालिका आणि भोवतालची गावे तेव्हा एकत्र झाली. कोथरूड, हडपसर, येरवडा ही आज शहराची अंगे वाटतात. पण गावठाण, गावदेव आणि जत्रा जपणारी ही मुळात गावेच. पुढे १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटले आणि नदीकाठच्या पेठांतली हजारो कुटुंबे उघड्यावर आली. त्यांच्या पुनर्वसनातून गोखलेनगर, सहकारनगर अशा वसाहती वाढल्या आणि शहराने पेठांची वेस कायमची ओलांडली. त्याच सुमारास पिंपरी-चिंचवडकडे कारखानदारी वाढत होती. तिथे १९७० मध्ये नगरपालिका आणि १९८२ मध्ये स्वतंत्र महापालिका झाली. त्यामुळे त्या बाजूने पुण्याला वाढायला वाव उरला नाही. वाढ दक्षिणेला, पूर्वेला आणि पश्चिमेच्या टेकड्यांकडे वळली.

इथे थोडे मागे जायला हवे. मुंबई प्रांतात १९१५ साली नगररचनेचा कायदा झाला, देशातला अशा प्रकारचा पहिला. त्याची पद्धत सोपी होती. एका पट्ट्यातल्या सगळ्या जमिनी एकत्र धरायच्या, रस्ते आणि मोकळ्या जागा आधी काढून घ्यायच्या आणि उरलेली जमीन आखीव भूखंडांच्या रूपात मूळ मालकांना परत द्यायची. मालकाची जमीन थोडी कमी होते, पण रस्ता मिळाल्याने तिचा भाव वाढतो. भांबुर्डा, म्हणजे आजचे शिवाजीनगर, आणि त्याच्या शेजारचा भाग या मार्गाने वसला. प्रभात रस्त्याच्या क्रमांक दिलेल्या गल्ल्यांतून चालताना, घरांआधी रस्ते आखले गेले की काय फरक पडतो हे पायांनाच कळते.

पुढे हा क्रम उलटला. १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना कायद्यानंतर सगळा भार विकास आराखड्यावर आला. कोणत्या जमिनीवर शाळा, कोणत्या जमिनीवर रस्ता हे नकाशावर आरक्षणाने ठरवायचे आणि ती जमीन नंतर मोबदला देऊन ताब्यात घ्यायची. आरक्षण पडलेला शेतकरी नुकसानीत आणि त्याचा शेजारी फायद्यात. बांधावरच्या दोघांत एवढा फरक पडत असेल, तर गाव महापालिकेला घाबरणारच. ही भीती मला कधीच आडमुठेपणाची वाटली नाही.

सप्टेंबर १९९७ मध्ये राज्य सरकारने ३८ गावे पुणे महापालिकेत घेतली. बाणेर, बालेवाडी, वारजे, खराडी, धनकवडी ही त्यांतलीच. कर वाढणार, जमिनींवर आरक्षणे पडणार आणि ग्रामपंचायत जाणार, म्हणून विरोध मोठा झाला. अखेर २००१ मध्ये १५ गावे पूर्णपणे आणि ५ गावे अंशतः वगळण्यात आली. उरलेल्या २३ गावांचा विकास आराखडा तयार होऊन मंजूर व्हायला दशकाहून जास्त काळ गेला. टेकड्यांवरच्या ९७८ हेक्टरच्या जैवविविधता उद्यानाचा प्रश्न तर २०१५ पर्यंत लोंबकळला. या काळात बाणेर-बालेवाडीत टॉवर उभे राहिले.

वगळलेल्या आणि हद्दीबाहेर राहिलेल्या गावांचे काय झाले, याकडे फार कमी लोकांनी पाहिले. नोकरीसाठी पुण्यात आलेल्या माणसाला शहरात घर परवडत नव्हते. तो नऱ्हे, आंबेगाव, वाघोली, मांजरी अशा गावांकडे वळला. गुंठा-दोन गुंठ्यांचे तुकडे विकले गेले. दहा-बारा हजार वस्तीसाठी नेमलेल्या यंत्रणेने शहराएवढी लोकसंख्या सांभाळायची होती. सांडपाणी ओढ्यात जायचे, पाणी टँकरने यायचे आणि रस्ता म्हणजे दोन शेतांमधली जुनी वाट. सरपंचाने मनात आणले तरी शुद्धीकरण केंद्र उभारण्याएवढा पैसा ग्रामपंचायतीकडे कधीच नव्हता.

मग चक्र उलट फिरले आणि गावेच महापालिका मागू लागली. मे २०१४ मध्ये सरकारने ३४ गावांच्या समावेशाची प्रारूप अधिसूचना काढली. हरकती-सूचना झाल्या, पण निर्णय अडला. हवेली तालुका नागरी कृती समिती उच्च न्यायालयात गेली. न्यायालयापुढे सरकारने टप्प्याटप्प्याने गावे घेण्याचे मान्य केले. त्यानुसार ऑक्टोबर २०१७ मध्ये ११ गावे आली आणि ३० जून २०२१ रोजी उरलेली २३. चार वर्षांच्या आत सुमारे २५० चौरस किलोमीटरची महापालिका ५०० चौरस किलोमीटरच्या पुढे गेली. क्षेत्रफळात तिने मुंबईलाही मागे टाकले.

महापालिकेची हद्द ठरवण्याचा अधिकार राज्य सरकारचा आहे. महापालिकेचे मत घेतले जाते, पण शेवटचा शब्द मंत्रालयाचा असतो. ग्रामपंचायतीचे दप्तर, मालमत्ता आणि कर्मचारी महापालिकेकडे येतात; नळ, गटारे आणि रस्ते उभारण्याएवढा निधी त्याबरोबर येत नाही. मिळकतकराचे पूर्ण दर लगेच लागू होत नाहीत, ते टप्प्याटप्प्याने वाढतात. गावकऱ्यांसाठी ते योग्यच आहे. पण खर्च पहिल्या दिवसापासून सुरू होतो आणि उत्पन्न मागाहून येते.

नियोजनाचा घोळ त्याहून मोठा. २३ गावे आल्यावर दोनच आठवड्यांत, जुलै २०२१ मध्ये, महापालिकेच्या सभागृहाने त्यांचा विकास आराखडा स्वतः करण्याचा इरादा जाहीर केला. त्याच सुमारास सरकारने या गावांसाठी पीएमआरडीएला, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाला, विशेष नियोजन प्राधिकरण नेमले. रस्त्यावरचा कचरा महापालिकेने उचलायचा आणि रस्ता कुठून जाणार हे दुसऱ्या संस्थेने ठरवायचे, अशी विभागणी झाली.

फुरसुंगी आणि उरुळी देवाची यांची गोष्ट सगळ्यात बोचणारी. उरुळी देवाचीत पुण्याचा कचरा डेपो. शहराची हद्द गावापर्यंत पोहोचण्याच्या कितीतरी आधी शहराचा कचरा पोहोचला होता. दुर्गंधी आणि खराब झालेल्या विहिरी यांनी गावकऱ्यांना वर्षानुवर्षे आंदोलनाला बसवले. २०१७ मध्ये ही गावे महापालिकेत आली. तिथे महापालिकेने तीन नगररचना योजना हाती घेतल्या, म्हणजे भांबुर्ड्याचीच ती जुनी, रस्ते आधी काढण्याची पद्धत. मला ती या सगळ्या प्रवासातली सर्वांत आशादायक गोष्ट वाटत होती. पण करावरून आणि सुविधांवरून नाराजी धुमसत राहिली. डिसेंबर २०२२ मध्ये ही गावे बाहेर काढण्याची घोषणा झाली आणि सप्टेंबर २०२४ मध्ये त्यांची स्वतंत्र नगर परिषद अधिसूचित झाली.

या साऱ्यात गावाचा आवाज कुठे होता? २०१७ च्या ११ गावांना मिळून दोन नगरसेवक मिळाले, तेही २०१९ मध्ये. २०२१ च्या २३ गावांचे सरपंच गेले आणि त्यांच्या जागी कोणीच आले नाही. मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि प्रशासक बसला. नांदेडच्या विहिरीचे पाणी तपासले जात होते, तेव्हा त्या गावाचा ना सरपंच होता ना नगरसेवक. या गावांना महापालिकेसाठी पहिले मतदान करता आले ते १५ जानेवारी २०२६ रोजी, हद्दीत आल्यानंतर साडेचार वर्षांनी.