दांडा दाबून शॉकअप कळत नाही

पुण्याच्या नाना पेठेत, गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानांत एक दृश्य हमखास दिसतं. गिऱ्हाईक शॉकअप काउंटरवर उभा धरतं, दांड्यावर तळहात ठेवून अंगाचा भार टाकतं आणि दांडा जेमतेम हलला की म्हणतं, "हा कडक आहे, हाच द्या." थारवाले असं करतात, बोलेरो कॅम्परवालेही करतात. या परीक्षेतून एवढंच कळतं, की आत दाबाखालचा नायट्रोजन आहे. मोनोट्यूब, म्हणजे एकाच नळीच्या शॉकअपमध्ये हा दाब साधारण २५ बारच्या घरात असतो. दांडा १४ मिलिमीटर जाडीचा असेल, तर त्याच्या छेदाचं क्षेत्रफळ दीड चौरस सेंटिमीटरच्या आसपास भरतं आणि गॅस तो दांडा सुमारे ३९ किलोंच्या जोराने सतत बाहेर ढकलत राहतो. तळहाताला जाणवतो तो हा जोर. चाक खड्ड्यात आदळल्यावर शॉकअप काय करेल, हे त्यातून कळत नाही.

गाडीचं वजन पेलतात पाटे, नाहीतर कॉइल स्प्रिंग. दबताना स्प्रिंग ऊर्जा साठवते आणि लगेच परत करते. शॉकअप नसेल तर एका धक्क्यानंतर गाडी सेकंदाला एक-दीड हेलकावे घेत बराच वेळ डुलत राहील. ही परत आलेली ऊर्जा शॉकअप जिरवतो. पिस्टन तेलातून सरकतो, तेल त्याच्यातल्या अरुंद वाटांमधून, पातळ पोलादी चकत्यांना वाकवत पलीकडे जातं, आणि या झटापटीत तापतं. शॉकअपचा विरोध पिस्टनच्या वेगावर ठरतो. पिस्टन थांबला की विरोध संपला, उरतो फक्त गॅसचा जोर. म्हणून "गाडी मागून बसते, जड शॉकअप टाका" हा सल्ला ऐकू नका. मागून बसणाऱ्या गाडीचे पाटे थकलेले असतात, आणि जगातला कुठलाही महागडा शॉकअप त्यांची जागा घेऊ शकत नाही.

मग किती विरोधाचा शॉकअप घ्यायचा? भौतिकशास्त्र इथे सोपं उत्तर देतं. हेलकावे शमवण्यासाठी लागणारा विरोध हा वस्तुमान आणि स्प्रिंगचा ताठपणा यांच्या गुणाकाराच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. वर्गमूळ आहे, हे महत्त्वाचं. रूफ रॅक, विंच आणि जादा टाकी बसवून तुम्ही ४४ टक्के ताठ स्प्रिंग घातल्या, आणि वजन फारसं वाढलं नाही, तर विरोध फक्त २० टक्के वाढवायचा असतो. दुप्पट कडक शॉकअपची गरज नसते. उलट, पिकअपच्या मागच्या धुरीवर रिकामं असताना ६०० किलो आणि भरल्यावर १५०० किलो येत असतील, तर पाटे तेच असूनही विरोधाची गरज दीडपटीहून थोडी जास्त होते. एकच शॉकअप दोन्हीला नेमका बसणार नाही. गाडी वर्षाचे जास्त दिवस ज्या वजनाने पळते, ते वजन धरून निवड करावी असं माझं स्पष्ट मत आहे. वजनाचा अंदाज नको. सामान, डिझेल, माणसं अशी रोजच्यासारखी भरून गाडी वजनकाट्यावर न्या आणि पुढची व मागची धुरी वेगवेगळी तोलून घ्या.

पाट्यांची आणखी एक गोष्ट. एकावर एक रचलेले जुन्या पद्धतीचे पाटे एकमेकांवर घासतात आणि त्या घर्षणातच थोडी ऊर्जा जिरते. पॅराबोलिक पाट्यांत पाती कमी असतात आणि मध्ये फट असते, त्यामुळे हे घर्षण जवळपास नाहीसं होतं. पाटे बदलून शॉकअप तोच ठेवला आणि गाडी डुलायला लागली, तर कारण बहुधा हेच असतं.

गरजेपेक्षा कडक शॉकअपचं नुकसान कच्च्या रस्त्यावर लगेच दिसतं. बहुतेक शॉकअप दबताना कमी आणि उलगडताना जास्त विरोध करतात, कारण उलगडताना स्प्रिंगची साठलेली ताकद आवरायची असते. हा विरोध अति झाला, तर खड्ड्यातून बाहेर आलेलं चाक पुढच्या खड्ड्याआधी पूर्ण खाली येत नाही. प्रत्येक धक्क्याला ते थोडं थोडं वर राहत जातं, आणि काही क्षणांत गाडी बंप स्टॉपच्या, म्हणजे चाकाचा वर जाण्याचा पल्ला अडवणाऱ्या रबरावर आपटू लागते. चालक म्हणतो, "शॉकअप मऊ पडला." वस्तुस्थिती नेमकी उलटी असते.

शॉकअपची सर्वांत मोठी कसोटी मात्र मोठमोठ्या दगडांवर होत नाही. दगडांतून गाडी रांगत जाते, पिस्टन सावकाश हलतो, तेल फारसं तापत नाही. शॉकअप मरतो तो सरी-वरंब्यांच्या रस्त्यावर, म्हणजे लडाखच्या चांगथांग पठारावर किंवा कोरड्या माळावरच्या मातीच्या रस्त्यांवर आडव्या लाटा उठलेल्या असतात तिथे. या लाटा का उठतात, याचा छान प्रयोग टॅबरले, मॉरिस आणि मॅकएलवेन या संशोधकांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केला. गोल फिरणाऱ्या वाळूच्या थरावर त्यांनी चाक टेकवून फिरवलं. ठरावीक वेगाच्या खाली वाळू सपाट राहिली, त्या वेगाच्या पुढे लाटा आपोआप उगवल्या. चाकाला स्प्रिंग आणि शॉकअप नसले तरीही उगवल्या.

आता या लाटांवरून गाडी नेऊ. दोन लाटांमध्ये पाऊण मीटर अंतर आणि वेग ताशी ३६ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १० मीटर. चाकाला सेकंदाला १३ धक्के बसतात. चाक आणि धुरी यांची स्वतःची थरथरण्याची वारंवारिता सेकंदाला १० ते १५ असते, त्यामुळे सगळं यंत्र एका तालात उसळू लागतं. चाक १० मिलिमीटर वर, १० मिलिमीटर खाली जातंय आणि शॉकअपचा विरोध सेकंदाला एक मीटर वेगामागे १५०० न्यूटन आहे असं धरलं, तर एका शॉकअपमध्ये सरासरी ५०० वॉट उष्णता तयार होते. लहानशा विजेच्या शेगडीएवढी उष्णता, हाताएवढ्या नळीत. तीन किलो पोलाद आणि पाव-दीड पाव तेल यांना ही उष्णता मिळाली आणि वारा अजिबात लागला नाही, तर तापमान मिनिटाला १५ अंशांनी चढेल. प्रत्यक्षात वारा लागतो म्हणून निभावतं. पण ४५०० मीटर उंचीवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या साधारण ६३ टक्के उरते, आणि नेमक्या तिथेच हे रस्ते असतात.

तापलेलं तेल पातळ होतं, हा त्रासाचा अर्धा भाग. उरलेला अर्धा जास्त वाईट आहे. पिस्टन झपाट्याने सरकला की त्याच्या मागच्या बाजूला दाब एकदम पडतो, तेलात बुडबुडे होतात आणि पिस्टन फेसातून जायला लागतो. फेस दाबला जातो, तेल दाबलं जात नाही. त्यामुळे विरोध निम्म्याहून कमी झाला तरी बाहेरून काहीच दिसत नाही, आणि वळणावर गाडी आडवी सरकते. यावरचा उपाय क्रिश्चियन बुर्सिए द कार्बों या फ्रेंच अभियंत्याने १९५३ मध्ये आणला. तेल आणि दाबाखालचा गॅस यांच्यामध्ये त्याने एक तरंगता पिस्टन घातला. तेल कायम दाबाखाली राहिलं, फेस होईना. १९५७ पासून बिलस्टाइनने मर्सिडीझसाठी असे शॉकअप मोठ्या प्रमाणात बनवले. दुकानातला तो ३९ किलोंचा जोर यासाठी असतो.

म्हणजे सगळ्यांनी मोनोट्यूब घ्यावा का? मला तसं वाटत नाही. मोनोट्यूबमध्ये पिस्टन थेट बाहेरच्या नळीला घासत चालतो. त्यामुळे उष्णता पटकन बाहेर पडते, पण दगड लागून नळीला पोचा पडला तर पिस्टन तिथेच अडकतो. ट्विन-ट्यूबमध्ये एकात एक अशा दोन नळ्या असतात. पोचा बाहेरच्या नळीला पडतो, आतली शाबूत राहते. सह्याद्रीतल्या वाड्या-वस्त्यांवर माल नेणाऱ्या, घाटातल्या दगडगोट्यांतून सावकाश जाणाऱ्या गाडीला कमी दाबाचा गॅस भरलेला, मोठ्या व्यासाचा ट्विन-ट्यूब उत्तम चालतो, आणि पैसेही वाचतात. व्यासाकडे मात्र लक्ष द्या. ३५ मिलिमीटरच्या पिस्टनपेक्षा ४६ मिलिमीटरच्या पिस्टनचं क्षेत्रफळ पावणेदोन पटींच्या जवळ जातं. तेवढाच विरोध कमी दाबात मिळतो, सीलवर ताण कमी येतो आणि तेलही जास्त मावतं. तासन्‌तास वेगाने मातीच्या रस्त्यावर पळणाऱ्यांनी मोनोट्यूब घ्यावा. बाहेर वेगळी टाकी जोडलेला शॉकअप लडाखच्या लांब सफरींना सार्थकी लागतो, रोजच्या वापरात त्याचे पैसे वसूल होत नाहीत.

लांबीबाबत तडजोड करू नका. चेसिस उचलून चाक पूर्ण लोंबू द्या आणि शॉकअपच्या दोन बोल्टांमधलं अंतर मोजा. मग तेच चाक बंप स्टॉपचं रबर पूर्ण दबेपर्यंत वर चढवून पुन्हा मोजा. नवा शॉकअप पूर्ण उघडल्यावर पहिल्या मापाहून लांब हवा आणि पूर्ण मिटल्यावर दुसऱ्या मापाहून दीडेक सेंटिमीटर आखूड. हे जमलं नाही तर रबराच्या आधी शॉकअप स्वतःच ठोकर खातो आणि चेसिसवरचा ब्रॅकेट तडकतो. गाडी ५० मिलिमीटर उंच करून जुनेच शॉकअप ठेवणारे चाकाचा खाली लोंबण्याचा तेवढाच पल्ला गमावतात. उंची वाढवताना फॅब्रिकेटरने ब्रॅकेट सरकवून शॉकअप जास्त तिरपा केला, तर वेगळंच नुकसान होतं. उभ्या रेषेपासून ३० अंश तिरप्या शॉकअपचा चाकाशी पोचणारा विरोध पाऊण उरतो, ४५ अंशांवर निम्मा. तिरपेपणामुळे पिस्टनचा वेगही कमी होतो आणि जोराचा उभा भागही, म्हणून फटका दुहेरी बसतो.

बसवताना ट्विन-ट्यूब उभा धरून चार-पाच वेळा पूर्ण उघडा-मिटा, म्हणजे आडवा ठेवल्याने आतल्या नळीत शिरलेली हवा निघून जाते. एका धुरीवरचे दोन्ही शॉकअप एकदम बदला. बुशचे, म्हणजे शॉकअपच्या टोकांना असलेल्या रबरी कड्यांचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असतानाच शेवटचे आवळा, नाहीतर रबर कायम पिळलेलं राहून लवकर फाटतं. पुढे कधी शंका आली, तर खडबडीत रस्त्यावर पंधरा-वीस मिनिटं चालवून थांबा आणि हाताची मागची बाजू आधी शॉकअपच्या जवळ, मग हलकेच नळीवर लावा. एका धुरीवरचे दोन्ही सारखेच कोमट-गरम असायला हवेत. एक गरम आणि दुसरा थंड निघाला, तर थंड असलेला काम करत नाहीये.