पुरुमेंत वेगळं, अडीनडीचे पैसे वेगळे

आमच्या गोव्यात चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, झाली की ओळखीतल्या दोन-तीन घरांतून दर वर्षी तेच ऐकू येतं. "अडीनडीला ठेवलेले पैसे होते गं, पण अचानक चवथ आली आणि सगळे उठले." हे ऐकलं की मला राहवत नाही. २०२५ ची चवथ २७ ऑगस्टची, २०२६ ची १४ सप्टेंबरची. जानेवारीत भिंतीवर दिनदर्शिका टांगतो तेव्हाच त्यात हा दिवस छापलेला असतो. मग ती अचानक कशी येईल?

चवथीला पैसे गेले याचं मला वाईट वाटत नाही. चवथ व्हायलाच हवी, गणपतीवर फळाफुलांची माटोळी बांधायलाच हवी, लेकीच्या घरी वजें, म्हणजे सणाची भेट, जायलाच हवं. वाईट याचं वाटतं की दोन निराळ्या कामांचे पैसे एकाच डब्यात ठेवून त्याला एकच नाव दिलेलं असतं.

अडीनडीचे पैसे म्हणजे काय, हे कुणाला सांगायला नको. आजारपण, अपघात, नोकरी सुटणं. दुसरी गोष्ट मात्र आपल्याच घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आणि पैशांच्या बाबतीत नेमकी तीच आपण विसरलो. ती म्हणजे पुरुमेंत. शब्द पोर्तुगीज 'प्रोव्हिमेंतो'वरून आलेला, अर्थ तरतूद. पावसाचे चार महिने पुरेल एवढं सामान मे महिन्यात भरून ठेवायचं.

माझ्या सासूबाई हे कसं करायच्या ते डोळ्यांसमोर आहे. मे महिन्यात म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून मिरच्या, कांद्याच्या माळा, सुकी सुंगटां (कोळंबी), खारे बांगडे यायचे. उकडे तांदूळ, चिंच, सोलां (आमसुलं) घरची असायची. मिरच्या अंगणात चटईवर दोन-तीन उन्हं खायच्या, कांदे चुलीवरच्या दांडीला टांगले जायचे. सुक्या सुंगटांच्या पत्र्याच्या डब्यात सासूबाई झाकणाखाली वर्तमानपत्राची घडी घट्ट बसवत, दमट हवा आत जाऊ नये म्हणून. बाजारात ताजी मासळी आहे तोवर त्या डब्याला हात लावायची कुणाची टाप नव्हती. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारीचे ट्रॉलर बंद, हे त्यांना पक्कं ठाऊक. डबा उघडायचा तो त्या दिवसांत. आणि चवथीपर्यंत तो रिकामा झाला की त्या समाधानाने धुऊन उन्हात पालथा घालायच्या.

याच सासूबाईंच्या ट्रंकेत साड्यांच्या खाली रुमालात बांधलेल्या नोटा असायच्या. त्या दुखण्याखुपण्याच्या. त्यांना चवथीला कधी हात लागला नाही. मी नवी होते तेव्हा विचारलं होतं, दोन्हीकडे का ठेवता? त्या म्हणाल्या, "पावस येतलो हें म्हाका खबर आसा. दुयेंस केन्ना येतलें तें कोणाक खबर?" पाऊस येणार हे मला ठाऊक आहे, दुखणं कधी येईल ते कुणाला ठाऊक?

घरखर्चाचा हिशेब ठेवणाऱ्या, वही लिहिणाऱ्या, बाकी सगळं नीट करणाऱ्या बायकासुद्धा इथेच अडखळतात. आपण खर्चाची विभागणी 'लहान' आणि 'मोठा' अशी करतो. महिन्याच्या पगारात बसला नाही की तो मोठा, आणि मोठा म्हणजे अडीनडीचा. पण खर्चाचा आकार बघायचाच नाही. स्वतःला एकच विचारायचं: हे होणार आहे, हे मला ठाऊक होतं का?

चवथ, शाळेची वह्या-पुस्तकं, स्कूटरचा विमा, पंचायतीची घरपट्टी यांचं उत्तर सोपं आहे. तारीख ठरलेली, रक्कमही जवळपास ठरलेली. हे पुरुमेंतात जातं, यात कुणाचं दुमत होत नाही.

घोळ होतो तो तारीख ठाऊक नसलेल्या खर्चांत. स्कूटरचा टायर कुठल्या महिन्यात गुळगुळीत होईल हे मला सांगता येत नाही. पण तो होणार, हे स्कूटर घेतली त्याच दिवसापासून ठाऊक आहे. अकरा वर्षांचा फ्रिज कधी बंद पडेल माहीत नाही, पण पडणार. कौलं पावसाआधी परतायला लागणार, विहिरीवरचा पंप एखाद्या वर्षी जळणार, चष्म्याचा नंबर बदलणार, दाढ दुखणार, नात्यात लग्न निघणार आणि आहेर द्यावा लागणार. यातला एकही खर्च अडचणीचा नाही. सासूबाईंना पहिला पाऊस कुठल्या दिवशी पडेल हे कुठे ठाऊक होतं? कधी मेअखेरीस, कधी जूनच्या दुसऱ्या आठवड्यात. म्हणून त्यांनी पावसाला अचानक आलेला पाहुणा म्हटलं नाही. तारीख न कळणं आणि गोष्टच न कळणं, यांत फार अंतर आहे. ते लक्षात आलं की आपण ज्यांना संकटं म्हणतो त्यांतली निम्म्याहून जास्त पुरुमेंताच्या यादीत जाऊन बसतात.

जून-जुलैची मासळीही तशीच. "मासळी एकदम महाग झाली, महिन्याचं गणित बिघडलं," असं म्हणणाऱ्यांनी जूनचं बजेट एप्रिलसारखं का लिहिलं? दर वर्षी ६१ दिवस ट्रॉलर किनाऱ्याला लागतात. त्या दोन महिन्यांचा बाजाराचा आकडा वेगळाच लिहायचा, नाहीतर सुक्याची सोय मेमध्ये करायची.

आता आकड्यांत सांगते. आमच्या घरात दोघांचे मिळून महिन्याला तीस हजार येतात. वर्षाच्या ठाऊक असलेल्या खर्चांची यादी अशी: चवथ १२ हजार, मेमधलं सामान ६, दोन मुलांची शाळा ७, स्कूटरचा विमा-टायर-सर्व्हिसिंग ५, कौलं ४, आहेर ५, घरपट्टी आणि बारीकसारीक १, घरातली मोडतोड ४, चष्मा-दात ४. बेरीज ४८ हजार. म्हणजे महिन्याला ४ हजार. याचा खरा अर्थ असा की आमची मिळकत तीस हजार नाहीच, ती सव्वीस हजार आहे. तीस हजारांत बसवलेलं बजेट कागदावर जुळायचं आणि वर्षात चारदा कोसळायचं, त्याचं कारण हे चार हजार. मी कितीतरी वर्षं वाण्याच्या यादीत काटछाट करत राहिले. डाळ कमी, साबण हलका. त्यातून महिन्याला तीन-चारशे सुटायचे आणि भोक मात्र चार हजारांचं होतं.

म्हणून पुरुमेंताच्या पैशांना बचत म्हटलेलं मला मुळीच खपत नाही. तो खर्चच आहे, पुढच्या तारखेचा. बचत म्हटलं की चवथीनंतर खातं रिकामं दिसल्यावर मन खट्टू होतं, आपल्याला जमत नाही असं वाटतं आणि बाई पुढच्या महिन्यापासून ठेवणंच सोडते. असं सोडलेल्या दोघी-तिघी मला ठाऊक आहेत. पुरुमेंताचं खातं रिकामं होणं म्हणजे काम फत्ते. अडीनडीचं खातं वर्षअखेरीस जसंच्या तसं राहिलं तर ते काम फत्ते. ज्यांचं यश एकमेकांच्या उलट आहे ते पैसे एका पासबुकात ठेवले की त्या पासबुकाकडे बघून काहीच कळत नाही.

सहा वर्षांपूर्वी आमचंही एकच खातं होतं. मे महिन्यात त्यात पस्तीस हजार होते आणि मला अगदी निर्धास्त वाटत होतं. जूनमध्ये शाळेला सात गेले, जुलैत स्कूटरला पाच, चवथीला बारा, ऑक्टोबरात लग्नाच्या आहेराला पाच. उरले सहा. नोव्हेंबरात यांचा पाय मोडला. बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे सरकारी इस्पितळात, उपचाराचे पैसे फारसे लागले नाहीत, पण दीड महिना कामावर जाता आलं नाही, रोज बुडाला. मी रोज बसने जात-येत होते, जवळ बसणाऱ्याचं चहा-जेवण होतं, घरी मुलं होती. सहा हजार दहा दिवसांत संपले. पाटल्या गहाण ठेवल्या आणि त्या सोडवायला मला चौदा महिने लागले. ते पस्तीस हजार अडीनडीचे कधीच नव्हते. त्यातले एकोणतीस आधीच कुणाकुणाचे होते, मी फक्त त्यांना नाव दिलं नव्हतं.

पैसे कुठे ठेवायचे यावर लोक फार वाद घालतात. मला तो भाग किरकोळ वाटतो. दोन जागा वेगळ्या असल्या की झालं. पुरुमेंताला बँकेची बारा महिन्यांची आरडी (दर महिन्याला ठरावीक रक्कम भरायची ठेव) किंवा साधं दुसरं बचत खातं चालतं. पोस्टाची आरडी पाच वर्षांची, म्हणून ती इथे उपयोगाची नाही. एका बाबतीत मात्र मी ठाम आहे. अडीनडीचे पैसे जास्त व्याजासाठी पतसंस्थेत ठेवू नका. बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण असतं, पतसंस्थेतल्या ठेवीला ते नसतं. आणि "माझ्या मनात हिशेब आहे" हे उत्तर मी मानत नाही. मनातल्या हिशेबात चवथ नेहमी जिंकते.

"सहा महिन्यांचा पगार बाजूला काढा" हा सल्ला मोबाइलवर रोज दिसतो. तीस हजार मिळवणाऱ्याने एक लाख ऐंशी हजार कधी जमवायचे? तो आकडा बघूनच माणूस हात टेकतो. बेताच्या घराने आधी पाच हजार अडीनडीचे ठेवावेत आणि मग सगळा जोर पुरुमेंतावर लावावा. पुरुमेंत भरलं की अडीनडीच्या डब्याची गळती आपोआप थांबते, आणि मगच तो डबा वाढू लागतो. ज्या घरात गोवा सरकारच्या गृह आधार योजनेचे महिना दीड हजार येतात, तिथे ते सरळ पुरुमेंतात वळवावेत. वर्षाचे अठरा हजार होतात. आमच्या यादीतली चवथ आणि मेचं सामान तेवढ्यात बसतं.

पहिल्या वर्षी भागाकार बारांनी करायचा नाही. खर्चापर्यंत जितके महिने उरलेत तितक्यांनी करायचा. मार्चमध्ये सुरुवात केली आणि चवथ सप्टेंबरात असली तर हाती सहा महिने, म्हणजे बारा हजारांसाठी महिन्याला दोन हजार. तेवढे निघत नसतील तर त्या वर्षीची चवथ आठ हजारांत बसवायची. हे मार्चमध्येच ठरवायचं, म्हणजे ऐन बाजारात उभं राहून जीव कासावीस होत नाही.

एका डब्यातून दुसऱ्यात उसने घ्यायचे का, हे मला हमखास विचारतात. एकाच दिशेने. अडचण आली तर पुरुमेंतातून काढा, कारण चवथ लहान करता येते, मोडका पाय लहान करता येत नाही. उलट दिशेने एक रुपयाही नाही. गेल्या वर्षी जुलैत मुलाला डेंगू झाला तेव्हा पुरुमेंतातले पाच हजार गेले. त्या चवथीला फटाके नव्हते, नवे कपडे नव्हते. माटोळीला बाजारातून फक्त दोन वस्तू आणल्या, बाकी नारळ, सुपारी, केळी भाटातली, म्हणजे घरच्या बागेतली, आणि रानातली फळं मुलांनी डोंगरावर जाऊन गोळा केली. पाटल्या माझ्या हातातच होत्या.