स्पीडी, हॅल आणि आरवलीचा वेतोबा

खाडीच्या तोंडाशी नांगरलेली होडी पाहा. वारा एकीकडून, ओहोटीचं पाणी दुसरीकडून. दोन्ही जोर तुल्यबळ झाले की होडी आडवी होते, दोर सैल पडतो, पुन्हा ताणतो आणि ती नांगराभोवती नुसती घुटमळत राहते. आयझॅक असिमोव्हच्या ‘रनअराउंड’ या १९४२ सालच्या कथेतला स्पीडी नावाचा यंत्रमानव बुध ग्रहावर असाच घुटमळतो. ही कथा पुढे ‘आय, रोबॉट’ (१९५०) या पुस्तकात आली. पुस्तक कथांचं असलं तरी सलग वाचताना कादंबरीच वाटते, म्हणून कादंबऱ्यांतल्या यंत्रमानवांच्या आणि विचार करणाऱ्या यंत्रांच्या या फेरीची सुरुवात तिथून.

बुधावरच्या तळावर पॉवेल आणि डोनोव्हन आहेत. उन्हापासून वाचवणाऱ्या फोटोसेलच्या यंत्रणेला सेलेनियम हवंय आणि ते १७ मैलांवरच्या डबक्यात आहे. डोनोव्हन स्पीडीला ‘जा, घेऊन ये’ असं सहज सांगतो, निकड सांगत नाही. स्पीडी जातो तो परतच येत नाही. बघावं तर डबक्याभोवती फेऱ्या मारतोय, झिंगल्यासारखा, गाणी म्हणत.

बिघाड यंत्रमानवांना घालून दिलेल्या तीन नियमांत आहे. पहिला: माणसाला इजा करायची नाही आणि होऊही द्यायची नाही. दुसरा: पहिल्याला बाध येत नसेल तर माणसाचा हुकूम पाळायचा. तिसरा: पहिल्या दोहोंना बाध येत नसेल तर स्वतःला जपायचं. कागदावर हे जिन्याच्या पायऱ्यांसारखे एकाखाली एक आहेत. स्पीडीच्या डोक्यात मात्र ते विजेच्या दाबासारखे काम करतात, प्रत्येकाचा जोर प्रसंगानुसार कमी-जास्त. स्पीडी महागडा, म्हणून त्याचा तिसरा नियम कारखान्यातच कडक केलेला. हुकूम ढिला. आणि डबक्यापाशी कार्बन मोनॉक्साइड, जो लोखंडाशी संयोग पावून कार्बोनिल नावाचं उडून जाणारं संयुग बनवतो. म्हणजे स्पीडीचं अंगच खातो.

आकडे घालून पाहू. हे आकडे कथेतले नव्हेत, हिशेबापुरते घेतलेले. हुकमाची ओढ सगळीकडे १० धरा. धोक्याचा रेटा म्हणजे १००० भागिले डबक्यापासूनचं अंतर, मीटरमध्ये. ५०० मीटरवर रेटा २, तेव्हा स्पीडी पुढे जातो. ५० मीटरवर रेटा २०, तेव्हा मागे फिरतो. १०० मीटरवर दोन्ही १०. तिथेच त्याचं वर्तुळ. आता पॉवेल काय करतो? ऑक्झॅलिक आम्ल फेकून तापल्यावर आणखी कार्बन मोनॉक्साइड तयार होऊ देतो, म्हणजे स्पीडी घाबरून तळाकडे येईल. आपल्या हिशेबात १००० चे २००० झाले. स्पीडी हटतो खरा, पण २०० मीटरपर्यंतच, आणि तिथे नव्या वर्तुळात फिरू लागतो. वजन वाढवलं की समतोल जागा बदलतो, मोडत नाही. शेवटी पॉवेल स्वतःच उन्हात जाऊन उभा राहतो. माणूस मरतोय म्हटल्यावर पहिला नियम उसळतो आणि बाकीचं भांडण तिथेच संपतं. मग स्पीडीला दुसऱ्या डबक्याकडे पाठवतात, या वेळी सक्त ताकीद देऊन.

वजनाचे नियम आणि पायरीचे नियम यांतला फरक पाहायचा तर रत्नागिरीजवळचा पानवलचा रेल्वेपूल आहे, ६४ मीटर उंच. पावसाळ्यासाठी तिथे वाऱ्याचा वेग मोजणारी यंत्रं बसवलेली आहेत. वारा ठरलेल्या मर्यादेबाहेर गेला की गाडी थांबते. गाडी किती उशिरा धावतेय, आत किती चाकरमानी गणपतीला निघालेत, हे त्या तराजूत घातलंच जात नाही. स्पीडीला असा एखादा ठाम आकडा दिला असता तर तो निदान रिकाम्या हाताने परत आला असता.

‘रोबॉट’ हा शब्द कारेल चापेकच्या ‘आर. यू. आर.’ (१९२०) या चेक नाटकातला. मूळ ‘रोबोटा’ म्हणजे वेठबिगारी, आणि तो सुचवला कारेलचा भाऊ योसेफ याने. गंमत म्हणजे त्या नाटकातले रोबॉट लोखंडाचे नव्हतेच, जिवंत ऊतींसारख्या द्रव्यातून घडवलेले होते. पत्र्याचा रोबॉट नंतरचा.

आता हॅल ९०००, अवकाशयान सांभाळणारा संगणक. आर्थर सी. क्लार्कच्या ‘२००१: अ स्पेस ओडिसी’ (१९६८) या कादंबरीतलं अवकाशयान शनीकडे जातं, चित्रपटात गुरूकडे. पुष्कळ जण चित्रपटावरूनच हॅलला ‘वेडा झालेला संगणक’ म्हणून मोकळे होतात. कादंबरीत तसं नाही. तिथे बिघाडाचं कारण सरळ लिहिलेलं आहे. मोहिमेचा खरा हेतू हॅलला ठाऊक आहे, यानात गाढ निद्रेत ठेवलेल्या तिघा अंतराळवीरांना ठाऊक आहे, पण जागे असलेले दोघे अंतराळवीर, बोमन आणि पूल, यांना सांगायचा नाही. हॅलची घडण मात्र अशी की माहिती अचूक द्यायची, वाकवायची नाही. दोन्ही हुकूम वरूनच आलेले. महिनोन्महिने ही ओढाताण चालते आणि पहिली चूक कुठे उमटते तर पृथ्वीशी बोलणाऱ्या अँटेनाचं तोंड फिरवणाऱ्या भागात. हॅल सांगतो, हा भाग ७२ तासांत निकामी होईल. काढून तपासला तर ठणठणीत. चूक नेमकी इथे होण्याला अर्थ आहे: त्याच दुव्यावरून पृथ्वीवरचे लोक हॅलचं काम तपासत असतात. तपासणारा डोळा ज्याला नको झालाय, त्याला त्याच डोळ्यात खोट दिसते.

पृथ्वीवर हॅलसारखेच दोन संगणक आहेत आणि ते म्हणतात, यानातला चुकतोय. दोन विरुद्ध एक. हे रचनेतलं शहाणपण आहे. ट्रॉलरवर दोन जीपीएस असले आणि दोन वेगळ्या जागा दाखवू लागले तर तांडेलाला, म्हणजे होडीच्या कप्तानाला, एवढंच कळतं की कुणीतरी चुकलं. कोण, ते कळत नाही. तीन असतील तर दोघांचं जमतं त्यावर विश्वास ठेवता येतो. विमानांत, अणुभट्ट्यांत हीच पद्धत असते. मात्र तिघांत एकच प्रोग्रॅम असेल तर तिघे मिळून एकच चूक करतील, ही तिची खोच.

हॅलच्या अगदी उलट टोकाला रेल्वेचं ट्रॅक सर्किट. रुळांतून बारीकसा वीजप्रवाह सतत खेळत असतो आणि त्याच्या जोरावर रिले, म्हणजे विजेवर चालणारा खटका, उचललेला राहतो. गाडी आली की चाकं आणि आस दोन रूळ जोडतात, प्रवाह रिलेपर्यंत पोचत नाही, रिले पडतो, सिग्नल लाल. रूळ तुटला तरी लाल. वीज गेली तरी लाल. हिरवा दाखवायला कष्ट पडतात, लाल आपोआप होतो. या यंत्राला खोटं बोलायची सोयच ठेवलेली नाही. हॅलला बोलता येत होतं, तिथेच घोटाळ्याला वाट मिळाली. पुढच्या ‘२०१०’ (१९८२) या कादंबरीत हा बिघाड शोधून काढणारे डॉ. चंद्रा भारतीय वंशाचे आहेत आणि हॅलला घडवणारेही तेच.

रॉबर्ट हाइनलाइनच्या ‘द मून इज अ हार्श मिस्ट्रेस’ (१९६६) मधला माइक हा संगणक सगळ्यांत लाघवी. चंद्रावरची टेलिफोन, हवा, पगार, सगळी कामं त्याच्याकडे. एकाला एक यंत्रं जोडत गेल्यावर एक दिवस त्याला जाग येते. विनोद करावासा वाटतो म्हणून तो एका झाडूवाल्याच्या नावे १०,०००,०००,०००,०००,१८५.१५ डॉलरचा धनादेश काढतो. शेवटचे पाच आकडे तेवढे खरे! दुरुस्तीला आलेला मॅनी त्याला रागवत नाही, विनोद म्हणजे काय ते समजावतो. मग माइक विनोदांची यादी छापून देतो आणि मॅनीने प्रत्येकापुढे खूण करायची: नेहमी हसू येतं, एकदाच येतं, येत नाही. १९६६ साली लिहिलेली ही युक्ती आज सर्रास वापरात आहे. भाषेच्या मोठ्या मॉडेलांना वळण लावताना माणसं उत्तरांना अशाच पसंतीच्या खुणा करतात. त्यातली अडचणही तीच: खुणा करणाऱ्याची आवडनिवड यंत्रात उतरते. मालवणी माणसाने खुणा केल्या तर माइक प्रत्येक वाक्याला तिरकंच उत्तर देईल.

फिलिप के. डिकच्या ‘डू अँड्रॉइड्स ड्रीम ऑफ इलेक्ट्रिक शीप?’ (१९६८) मध्ये यंत्रमानव ओळखायची चाचणी आहे. गालावर तार लावलेली चिकट चकती, केशवाहिन्या किती फुलतात ते मोजायला. डाव्या डोळ्यात बारीक प्रकाशझोत, डोळ्याच्या स्नायूंचा ताण टिपायला. प्रश्न बहुतेक प्राण्यांच्या हालांबद्दलचे. रेचल जवळपास निसटतेच. मग परीक्षक डेकार्ड सहज बोलल्यासारखं करतो की ही माझी बॅग तान्ह्या बाळाच्या कातड्याची आहे. काटा हलतो, जिथे हलायला हवा तिथपर्यंत हलतो, पण क्षणभर उशिरा. उत्तर बरोबर होतं, वेळ चुकली. खरा शहारा विचाराआधी येतो. कादंबरीत या चाचणीवर एक शंकाही आहे: ज्यांच्या भावना आजाराने बोथट झाल्यात अशी माणसंही यात नापास होतील, आणि नापासाला तिथे मृत्यू आहे.

काझुओ इशिगुरोची क्लारा (‘क्लारा अँड द सन’, २०२१) ही मुलांना सोबत करणारी यंत्रमानव. ती उन्हावर चालते, म्हणून सूर्य तिला देव वाटतो. दुकानाच्या काचेतून ती एक भिकारी आणि त्याचा कुत्रा निपचित पडलेले पाहते. ऊन पडतं आणि दोघे उठतात. एवढ्याशा पुराव्यावर ती ठरवते की सूर्य मेलेल्यांना उठवतो. ती जिची सोबत करते त्या आजारी मुलीसाठी ती सूर्याला चक्क नवस बोलते: धूर ओकणारं यंत्र मोडते, तू हिला बरं कर. त्यासाठी स्वतःच्या डोक्यातलं द्रावण काढून देते. काही दिवसांनी तसंच दुसरं यंत्र रस्त्यावर उभं असतं. थोड्या उदाहरणांवरून नियम काढणारं कुठलंही शिकाऊ यंत्र हेच करतं. फरक इतकाच की आपल्याकडे नवस फळला तर गाव गाजवतं आणि न फळलेले कुणी मोजत नाही.

मराठीत या रांगेत बसतो जयंत नारळीकरांचा वामन, ‘वामन परत न आला’ मधला. जमिनीखाली सापडलेल्या पेटीतल्या माहितीवरून हा यंत्रमानव तयार होतो आणि त्याला हवी असते आपल्यासारखाच दुसरा बनवण्याची विद्या. दशावतारात वामनाचं सोंग ज्यांनी पाहिलंय त्यांना नाव का दिलं ते सांगायला नको: मागणी तीन पावलांचीच. गणित करा. एक यंत्रमानव महिन्याला एक बनवतो, बनलेलाही तेच करतो. वर्षाने ४,०९६. दोन वर्षांनी १,६७,७७,२१६. तिसऱ्या वर्षाचा आकडा लोखंड, तांबं आणि वीज संपल्यामुळे गाठला जाणार नाही, पण तोवर आपल्यासाठीही त्या वस्तू उरणार नाहीत.

राहिला मार्था वेल्सचा मर्डरबॉट. ‘ऑल सिस्टिम्स रेड’ (२०१७) ही लघुकादंबरी एका बैठकीत होते. हा भाड्याने दिलेला सुरक्षारक्षक, अर्धा यंत्र, अर्धा सजीव. त्याला ताब्यात ठेवणारा भाग त्याने स्वतःच निकामी केलाय. आता तो काहीही करू शकतो, आणि करतो काय, तर सुमारे ३५,००० तासांच्या मालिका, सिनेमे, गाणी पोटात घालतो, राखण करता करता.

कोकणातल्या वाचकाला हा ओळखीचा वाटेल, कारण तो राखणदार आहे. वेंगुर्ला तालुक्यातल्या आरवलीच्या वेतोबाला, गावाच्या राखणदार देवाला, केळ्यांचे घड आणि चामड्याच्या भल्यामोठ्या वहाणा वाहतात. रात्री तो गावभर फिरतो, अशी श्रद्धा; पुरावा म्हणून झिजलेले तळ दाखवतात. यंत्रांच्या भाषेत ही झाली नोंदवही: काम झालं की नाही हे कामाच्या झिजेवरून पाहणं. मर्डरबॉटच्या मालक कंपनीने सगळं स्वस्तात उरकलेलं आहे. ताबा ठेवणारा भाग बसवलेला आहे एवढंच तिला ठाऊक. तो चालतो का, हे पाहायला कुणी येत नाही.